गॅलरीतलं लिहायचं नाही

आमच्या धंद्याची एक गंमत आहे. दिवसभर आम्ही दुसऱ्यांचं बोलणं लिहितो. ते छापलं जातं, त्याला जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग होतं आणि ते ग्रंथालयात जाऊन बसतं. आमचं स्वतःचं बोलणं मात्र चहाच्या कपाबरोबर विसळून जातं. तरी किस्से साठतातच! आता कुणी नुसतं "अधिवेशन" म्हटलं तरी मला एकही भाषण आठवत नाही, आमची मागची खोली आठवते.

मी प्रतिवेदक. म्हणजे राज्याच्या सभागृहात सदस्य जे बोलतात ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घेणारी. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात राहणारी मराठी बाई, आणि आयुष्य गेलं हिंदी लिहिण्यात! अध्यक्षांच्या आसनाखाली मधोमध एक टेबल असतं. तिथे खाली मान घालून बसलेली माणसं तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. नसतील पाहिली तरी हरकत नाही, आम्ही कुणाला दिसू नये असाच नियम आहे. हसायचं नाही, मान डोलवायची नाही, आणि तोंड तर उघडायचंच नाही.

हे सगळं मला पहिल्या दिवशी शिकवलं मेश्रामभाऊंनी. ते आमच्या खोलीतले सगळ्यात जुने. वडील गोंदियाकडून रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला आले आणि गुढ़ियारीत राहिले, तेव्हापासून हे घराणं रायपूरचं.

"बाई, तीन गोष्टी ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "कानावर आलं तेच लिवा. कंसात आपली अक्कल चालवू नका. अन् गॅलरीतलं लिवाचं नाही."

"का बरं? गॅलरीतलं काहून नाही?"

"वर पाहाले बसलेले लोक सभागृहाच्या हिशेबानं तिथं नसतेतच!"

*

आम्ही पाच-पाच मिनिटांच्या पाळीने बसतो. पाळी संपली की दुसरा येतो आणि पहिला खोलीत जाऊन आपलं टाइप करतो. त्यामुळे होतं असं, की आख्खा कायदा आमच्यातल्या एकानेही कधी ऐकलेला नसतो.

आमच्यात साहू नावाचा एक छत्तीसगढी गडी आहे, धमतरीकडचा. एकदा त्याच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, ऑटोवाल्यांनी त्याला चौकात घेरलं. त्या दिवशी ऑटोंबद्दलचं कुठलंसं विधेयक आलं होतं. "का होइस भैया? पास होइस के नइ?" काय झालं, पास झालं की नाही?

साहू छाती फुगवून म्हणाला, "हव! मोर पारी मा त हाँ के जीत होगे!" माझ्या पाळीत तर होकारच जिंकला!

"बने! फेर लिखाय का हे ओमा?" लिहिलंय काय त्यात?

"ओला मोर पारी के पहिली पढ़ डारे रिहिन!" ते माझ्या पाळीच्या आधीच वाचून झालं होतं!

ऑटोवाल्यांना वाटलं, हा सरकारचा माणूस, मुद्दाम लपवतोय; त्यांनी त्याला ऑटोत घेणंच बंद केलं. बिचारा कित्येक दिवस पायी येत होता. आम्ही पोट धरधरून हसलो. आता वाटतं, ते ऑटोवाले काही चुकीचं विचारत नव्हते. त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता, आणि सभागृहात बसून आलेल्या माणसाला उत्तर ठाऊक नव्हतं.

*

मेश्रामभाऊ कंसांच्या बाबतीत भारी कडक. कामकाजात कंस असतात ना, (हँसी), (मेजों की थपथपाहट), (व्यवधान)! कुणी मध्येच बोललं, गलका झाला, की ते व्यवधान. छापील पानावर ह्या कंसांना फार भाव. आपल्या भाषणाला बाकं वाजली असं मतदारसंघात दाखवता येतं.

एकदा एका बड्या सदस्याचा पीए खोलीत आला. गोड आवाजात म्हणाला, "मेश्राम भैया, साहब के भाषण में थपथपाहट छूट गई है।"

"छूटी नहीं, हुई नहीं।"

"अरे, लिख देने में क्या जाता है? एक ठो ब्रैकेट ही तो है!"

भाऊंनी टेबलावर हात ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आप जाइए, बजवा के आइए। मैं यहीं बैठा हूँ।"

हशाचंही तसंच. दोन जण हसले तर ते (हँसी) लिहीत नसत. "दोन जणायनं दात काढले त्याले हशा म्हणते का? हशा म्हणजे समद्यायचा!" त्यांच्या पानावर कामकाजाच्या टेपमध्ये नाही असा कंस कधी कुणाला सापडला नाही. साहू मुद्दाम शोधायचा आणि हरायचा.

*

आता विधेयकाचं सांगते, कारण पुढचे सगळे किस्से त्याच्याच पोटातून निघालेले आहेत.

मेश्रामभाऊंचं गुढ़ियारीतलं घर सरकारी जागेवरचं. त्यांचंच नाही, सगळी गल्लीच तशी. घर आपलं, जमीन सरकारची. जागा नावावर नाही म्हणून नकाशा पास होत नाही, आणि नकाशा नाही म्हणून बँक दारात उभी करत नाही. मग एका वर्षी विधेयक आलं: शहरातल्या जुन्या वस्त्यांमधल्या रहिवाशांना जमिनीची मालकी द्यायची. आणि त्यात एक कलम असं, की मालकीचा कागद घरातल्या बाईच्या नावाने निघेल!

भाऊंच्या घरातली बाई म्हणजे पंचफुलावहिनी. मोठ्याने बोलणार, मोठ्याने हसणार, आणि डब्यात आमच्या सगळ्यांसाठी झुणका पाठवणार. त्यांना हे कलम कळलं मात्र, त्या सगळ्या गल्लीत सांगत फिरल्या. "माह्या नावाचं घर! माहेरी भावाच्या नावाचं, सासरी सासऱ्याच्या नावाचं. आता पह्यल्यांदा माह्या नावाचं! कागद आला का वर एक खोली काढतो. खिडकी पुरबेकडं."

विधेयक मांडलं गेलं आणि समितीकडे गेलं. समितीचा अहवाल कधी येणार असं कुणी विचारलं की मंत्र्यांचं उत्तर ठरलेलं: "जानकारी एकत्रित की जा रही है।" हे वाक्य आमच्याकडे इतक्यांदा येतं की शॉर्टहँडमध्ये आम्ही त्याला एकच खूण करून ठेवली आहे. एक रेघ मारली की झालं.

वहिनींनी ते वाक्य उचललं. पाहुण्यांनी विचारलं, वरची खोली कधी? वहिनी म्हणणार, "जानकारी एकत्रित की जा रही है!" भात झाला का? "जानकारी एकत्रित की जा रही है!" आणि मग स्वतःच आधी हसणार.

मग सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लागली. मुदत संपली की अडकून पडलेली विधेयकं आपोआप बाद होतात. आमच्या भाषेत 'व्यपगत'. भाऊंनी घरी जाऊन सांगितलं, तेव्हा मी तिथेच चहा पीत बसले होते.

"व्यपगत झालं."

"म्हणजे का झालं जी?"

"मेलं."

वहिनी म्हणाल्या, "मेलं? पण ते जलमलं कवा होतं?"

*

निवडणुकीनंतरच्या नव्या सभागृहात आधी आलं ते दुसरंच एक विधेयक. एका संस्थेचं नाव बदलायचं. बस्स, नाव! त्या दिवशी सभागृह खचाखच भरलेलं. काय ती भाषणं, काय त्या कविता, काय तो इतिहास! संध्याकाळ झाली तरी कुणी उठेना. आमच्या पाळ्या फिरून फिरून परत आल्या, बोटं आखडली. शेवटी हाँ की जीत हुई आणि बाकं कडाडली.

भाऊ खोलीत आले, पेनचं टोपण लावलं, आणि बोटं मोडत म्हणाले, "संस्थेचं नाव बदलाले एवढी मेहनत. आमच्या घरच्या बाईचं नाव नुसतं लिवाचं होतं."

त्या दिवशी खोलीत कुणी हसलं नाही. मीही नाही.

*

विधेयक दुसऱ्यांदा आलं, नवं नाव लावून. बाईच्या नावाचं कलम होतं तसंच. ह्या वेळी वहिनी म्हणाल्या, "मले पहाचं हाये. आपलं घर कसं होते ते डोळ्यानं पाहीन."

गॅलरीच्या पासाची सोय मी केली. वहिनी सदर बाजारातून घेतलेली नवी साडी नेसून आल्या आणि गॅलरीत पहिल्या रांगेत बसल्या. वर बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, सगळं भाऊंनी आदल्या दिवशी पढवून ठेवलं होतं. वहिनींनी तोंडावर बोट ठेवून दाखवलं होतं.

खाली टेबलावर नेमकी भाऊंचीच पाळी. मी पुढच्या पाळीसाठी दाराशी उभी होते. एक सदस्य उठले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, इन बस्तियों में पुराने लोग अब बचे ही कहाँ हैं? सब बेच-बाच के चले गए!"

आणि वरून खणखणीत आवाज आला:

"अरे, मैं हूँ ना जी! कहाँ गई बेच के?"

सभागृह एक क्षण थांबलं. मग जे हसलं ते! इकडचे हसले, तिकडचे हसले, ज्यांनी टोमणा मारला होता ते स्वतः हसले. अध्यक्षसुद्धा ओठ दाबून बसले. महिला मार्शल आली आणि वहिनींना हाताला धरून बाहेर घेऊन गेली. जाता जाता त्या तिलाही सांगत होत्या, "गुढ़ियारी में है, आके देख लो ना!"

मी भाऊंकडे पाहत होते. आख्ख्या सभागृहात न हसलेला तो एकच माणूस. मान खाली, हात चालू.

खरा किस्सा पुढे आहे. काही दिवसांनी ते कामकाज छापून आलं. वहिनींनी हट्ट करून ती पानं घरी मागवली, चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचायला बसल्या. सदस्याचं वाक्य होतं, शब्द न् शब्द. त्याच्याखाली कंसात (हँसी). त्याच्याखाली थेट दुसऱ्या सदस्याचं भाषण.

"माह्यं कुठं हाये?"

"गॅलरीतलं लिहत नसतेत, पंचफुला."

"हासणं लिवलं! माह्या बोलण्यावर हासले ते लिवलं, अन् माह्यं बोलणं नाही लिवलं? मंग हे लोक कायले हासले म्हणाचं, येडे हायेत का?"

"नियम हाये."

"सगळ्या दुनियेचं लिहता जी तुमी," वहिनी म्हणाल्या. "माह्यं एक वाक्य नाही लिहता आलं?"

दुसऱ्या दिवशी डबा आला, पण त्यात झुणका नव्हता.

ते विधेयकही नंतर सरकारने मागे घेतलं, सुधारणा करून परत आणू म्हणून. मला विचाराल तर भाऊंनी ते एक वाक्य लिहायला हवं होतं. नियम मलाही माहीत आहे, तरीही हवं होतं.

*

कायदा झाला नाही, पण कायद्याची तयारी मात्र दर वेळी जोरात व्हायची! पहिल्या विधेयकाच्या वेळी सर्व्हेवाले आले आणि प्रत्येक दारावर लाल रंगाने नंबर घालून गेले. दुसऱ्याच्या वेळी दुसरे सर्व्हेवाले आले. त्यांना जुना नंबर चालेना, म्हणून त्यांनी शेजारी निळ्या रंगाने नवा घातला.

दिवाळीला घर पोतताना वहिनी त्या दोन्ही नंबरांभोवतीची जागा सोडून पोतायच्या. सगळी भिंत पांढरी, आणि दाराशेजारी दोन मळके चौकोन. एकदा मी म्हटलं, "वहिनी, पुसून टाका की! विधेयक तर गेलं."

"नको वं बाई. उद्या कायदा झाला अन् साहेब आला, तर घर कोणतं म्हणून इचारीन ना तो!"

भाऊ आतून ओरडले, "घराले दोन नंबर झाले, मालक एक नाही!"

"जानकारी एकत्रित की जा रही है!" वहिनींनी उत्तर दिलं, आणि ब्रश बादलीत बुडवला.

*

वहिनी गेल्या त्या दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात. मूत्रपिंडाचं दुखणं होतं, लांबलं आणि मग अचानक आटोपलं. मला अजून त्यांच्या डब्याची आठवण होते, आणि राग येतो. कुणाचा ते सांगता येत नाही.

अधिवेशन सुरू झालं. पहिल्या दिवशी सभागृहात थोरामोठ्यांच्या निधनाचा उल्लेख होतो, सगळे उभे राहून मौन पाळतात. भाऊ अजून रजेवर होते. ते काम आटोपून आम्ही खोलीत आलो, तेव्हा साहू म्हणाला, "दीदी, भाभी बर हमू मन खड़ा होबो का?" वहिनींसाठी आपणही उभं राहायचं का?

आम्ही उभे राहिलो. कपाटांच्या मधे, चहाचे कप तसेच टेबलावर ठेवून. बाहेर कामकाज पुन्हा सुरू होण्याची घंटी वाजत होती, तरी कुणी हललं नाही.

भाऊ परत आले तेव्हा साहूने त्यांना ते सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "लिहून तर नाही ठेवलं ना कुठं?"

"नहीं भैया."

"बरं केलं," ते म्हणाले. "आपलं नसते लिवाचं."

*

तिसऱ्यांदा विधेयक आलं ते नव्या इमारतीत, नव्या रायपूरला. सगळं चकचकीत. गॅलरी जुन्यापेक्षा कितीतरी मोठी, आणि त्या दुपारी आख्खी रिकामी. शहरातून एवढ्या लांब कोण येणार!

तोवर शाखा माझ्याकडे आली होती. म्हणजे सगळ्यांची पानं टेपशी पडताळून छापायला पाठवायचं काम माझं. भाऊंचं निवृत्तीआधीचं ते शेवटचं अधिवेशन. विधेयकाची वेळ झाली तशी मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या जागी साहूला बसवते."

"काहून? माही पाळी हाये, मीच बसतो." दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "बाईच्या नावाचं कलम हाये अजून त्याच्यात?"

"आहे."

"हं," म्हणाले आणि आत गेले.

मी दाराशी उभी होते. चर्चेत दम नव्हता, निम्मी बाकं मोकळी. एक तरुण सदस्य उठले. ते पहिल्यांदाच निवडून आलेले, मागचं त्यांना काही माहीत असायचं कारण नाही. ते म्हणाले, "अध्यक्ष महोदय, पुराने लोग तो कब के चले गए। मंत्री जी बस एक नाम बता दें। एक भी औरत का नाम, जो आज भी वहाँ बैठी इस क़ानून का रास्ता देख रही हो।"

मंत्री कागद चाळू लागले. कुणी काही बोललं नाही. भाऊंची मान खाली होती, पेन कागदावर टेकलेलं होतं.

मग मंत्री म्हणाले, "माननीय अध्यक्ष महोदय, जानकारी एकत्रित की जा रही है।"

भाऊंनी एक रेघ मारली.

संध्याकाळी त्यांचं पान माझ्या टेबलावर आलं. सदस्याचा प्रश्न बरोबर, मंत्र्यांचं उत्तर बरोबर. पण दोन्हींच्या मधे कंसात लिहिलेलं होतं: (व्यवधान).

मी टेप लावली. प्रश्न, मग कागद उलटल्याची कुरकुर, मग उत्तर. मधे कुणाचाही आवाज नाही. परत लावली, तरी नाही. मी भाऊंना बोलावलं आणि त्या कंसावर बोट ठेवलं.

"भाऊ, इथे कोण बोललं?"

"गॅलरीतून आवाज आला."

मी म्हटलं, "गॅलरीतलं आपण लिहीत नाही. तुम्हीच शिकवलं मला."

"म्हणून तर बोलणं नाही लिवलं, बाई," मेश्रामभाऊ म्हणाले. "व्यवधान तेवढं लिवलं."